आनंद नव्वद टक्के

बाळकुम, ठाणे
२८ सप्टेंबर २०२५

सौ. ठमाबाई यांना,

नमस्कार-चमत्कार शेवटी घालते, आधी कामाचं बोलते. मी कलावती, तुमच्या जागृतीची सासू. फेब्रुवारीत पोरांनी रजिस्टर लग्न केलं तेव्हा तुमच्याकडून काळं कुत्रं फिरकलं नाही, त्यामुळे आपली तोंडओळखसुद्धा नाही. फोन करून पाहिला तर तुमच्याकडे माझा नंबर ब्लॉक. म्हणून हे पत्र. तुमच्या मुलाच्या, हितेशच्या मोबाईलच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवतेय, कारण घरी पाठवलं तर त्याचे बाबा फाडतील, असं जागृती म्हणाली. फाडायचंच असेल तर निदान वाचून फाडा.

तुमच्या लेकीने काल चारचौघांत आमची शोभा केली. काय झालं ते सांगते.

आमच्या सोसायटीत नवरात्र असतं. माझा विनीत कॉम्प्युटरमधला. या वर्षी त्याने गंमत म्हणून एक प्रोग्राम लिहिला. कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं, तो फोटो काढतो आणि चेहऱ्यावरचा भाव ओळखून टक्के सांगतो. आनंद असला की पडद्यावर बटाटावडा नाचतो. रागाला लाल मिरची, दुःखाला कांदा, भीतीला पांढराफटक मुळा, आणि शांत माणसाला दहीभात. नाव ठेवलंय मूडमीटर. देवीच्या मांडवाशेजारी टेबल टाकलं, आणि अहो, आरतीला नसते एवढी रांग तिथे! आमच्या चेअरमनना मिरची आली तेव्हा तर बायका खुर्चीवरून पडायच्या बाकी होत्या. मला दहीभात. येणारच. सगळी नोकरी खोपटच्या एसटी स्टँडवर आरक्षणाच्या खिडकीत गेली माझी. गणपतीच्या आधी कोकणात जाणारी माणसं काचेवर थापा मारायची, आईबाप काढायची, आणि मी "गाडी फुल्ल आहे" एवढंच सांगायचे. माझ्या चेहऱ्यावर कुणाला काय सापडणार आहे?

मग सगळे म्हणाले, आता जोडीचा फोटो. विनीतने जागृतीच्या खांद्यावर हात टाकला. पडद्यावर मुळा. भीती, एक्क्याण्णव टक्के. सगळे हसले. विनीत म्हणाला, "परत काढू." परत मुळा. तिसऱ्यांदा मुळा आणखी मोठा. पोरांनी तिथल्या तिथे "मुळावहिनी, मुळावहिनी" सुरू केलं. विनीतही हसत होता, पण त्याचे कान लाल झाले होते, आणि त्याचा अर्थ मी ओळखते, मी त्याची आई आहे.

नवऱ्याशेजारी उभी राहून बायको घाबरते, म्हणजे लोक काय समजतील? मी तिला काही कमी केलेलं नाही. तुम्ही तिच्या कानात आमच्याबद्दल काही भरवत असाल तर ते बंद करा, आणि भरवत नसाल तर तिला चार शब्द शहाणपणाचे सांगा. रात्री जेवलीही नाही. भूक नाही म्हणाली. हे कसले नखरे?

नमस्कार.
कलावती

४ ऑक्टोबर

ठमाबाई,

उत्तर आलं नाही. बरं. मागच्या पत्रात मी जरा तिखट बोलले असेन, तो माझा स्वभाव आहे. मनात काही नसतं.

आता सगळं ठीक आहे म्हणून मुद्दाम कळवते. विनीतने त्या मुळ्यावर उपाय काढला. तो म्हणतो, प्रोग्राममध्ये चूक नाही, हिच्या चेहऱ्याला सवय नाही. म्हणून रोज ऑफिसातून आला की लॅपटॉप डायनिंग टेबलवर ठेवतो आणि ही समोर बसते. आनंद नव्वदच्या वर गेला, बटाटावडा नाचला, की आम्ही पानं घेतो. नवीन लग्न झालेल्यांची थट्टामस्करी, दुसरं काय. पहिले दोन-तीन दिवस तिला जमेना. मीच मग स्वयंपाकघरात नेऊन शिकवलं, "मी" म्हणताना जसं तोंड पसरतं तसं धर आणि डोळे बारीक कर. आता बरंच जमतं. बारीक झालीय थोडी, पण हल्लीच्या मुलींना तेच हवं असतं.

दसऱ्याला माझ्या दिरांची संचिता आली होती सोनं द्यायला. कळव्याला असते. विनीतला सख्खी बहीण नाही, तीच त्याला ओवाळते. तिने सहज विचारलं, "वहिनी, पहिला दिवाळसण, माहेरी जाणार ना?" तर विनीत म्हणाला, "जाऊ दे की! तिच्या माहेरचा मुराळी येऊ दे न्यायला. मी स्वतः खाली रिक्षापर्यंत सोडतो." तुमच्याकडे काय म्हणतात माहीत नाही, आमच्याकडे लेकीला सणाला माहेरी न्यायला जो येतो त्याला मुराळी म्हणतात. तो आल्याशिवाय सून उंबरा ओलांडत नाही, ही आमच्या कोकणातली जुनी रीत. एरवी विनीतला रीतभात ठाऊक नसते, ही बरोबर आठवली. त्याला माहितीये तुमच्याकडून कुणी येणार नाही.

सगळे हसले. जागृतीही हसली. लॅपटॉप बंद होता, तरी अगदी तेच हसली, टेबलावर हसते तेच. असो.

तुमच्या यजमानांना, गणूशेठना सांगा, आम्ही तुमच्या जमिनी बघून मुलगी केली नाही. एवढा राग बरा नव्हे.

कलावती

१० ऑक्टोबर

विहीणबाई,

तुमच्या सासूबाई गेल्या. रखमाबाई. मला जागृतीकडून कळलं, आणि जागृतीला कसं कळलं, तर तिच्या शाळेतल्या मैत्रिणीच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर. गावात लावलेला फ्लेक्स, त्यावर आजीचा फोटो आणि "भावपूर्ण श्रद्धांजली". भाजी चिरत होती. फोन तसाच हातात धरून खाली बसली. तुम्हाला एक फोन करवला नाही हो? वैर तुमचं जावयाशी, आजी तर तिची होती ना?

पण मी हे भांडायला लिहीत नाहीये. आधीच्या दोन पत्रांत मी तुम्हाला अर्धंच सांगितलं. आता पुरतं सांगते.

नव्वद होईपर्यंत पानं घेत नाहीत असं लिहिलं होतं मी. आमची पानं घेतात. तिचं झाकून ठेवतात. नव्वद झाले तर उघडायचं, नाही झाले तर सकाळी. नवरात्रात ती जेवली नाही, नखरे करते असं मी तुम्हाला लिहिलं, तोही त्यातलाच प्रकार होता. मला त्या रात्री माहीत नव्हतं. नंतर माहीत झालं, तरी काही दिवस मी त्याला गंमतच म्हणत राहिले. पोटचा मुलगा आहे. माणूस स्वतःच्या मुलाबद्दल पटकन वाईट विचार करत नाही.

परवा आजी गेल्याचं कळलं त्या दिवशीही त्याने लॅपटॉप लावला. मी म्हटलं, "विनू, आज राहू दे. तिची आजी गेलीय." तो शांतपणे म्हणाला, "ज्यांनी कळवलंही नाही त्यांच्यासाठी रडायचं? आई, हा तिच्याच भल्यासाठी आहे सराव." आणि तिला म्हणाला, "चल, बस."

ती बसली, विहीणबाई. डोळे सुजलेले, नाक लाल, आणि तोंड पसरून हसत होती. पडद्यावर कांदा. पुन्हा हसली. कांदा. तो एका शब्दाने ओरडला नाही. अंगाला हात लावत नाही तो, कधीच नाही. "परत", "परत", एवढंच. मी उठून लॅपटॉप धाडकन मिटला. तर हसला आणि खिशातून फोन काढला. त्यातही घातलंय म्हणे त्याने ते. "आई, तुझाही काढू का?" असं मला विचारलं. माझ्या घरात, माझ्या मुलाने!

तिचं ताट सकाळपर्यंत झाकलेलंच राहिलं. मी नंतर तिच्यासाठी पोळी घेऊन गेले तर तिने हात मागे घेतला. म्हणाली, "नको आई, उद्या विचारतील कॅमेऱ्यासमोर, जेवलीस का म्हणून. मला खोटं जमत नाही अजून."

मला संताप येतो. त्याचा येतो, तुमचा येतो, आणि "मी म्हण, डोळे बारीक कर" असं मीच तिला शिकवलं, त्याचा सगळ्यात जास्त येतो.

हितेशला पाठवा. विनीत संचितासमोर बोललाय, मुराळी आला तर सोडतो. लोकांसमोर दिलेला शब्द तो मोडत नाही, लोकांसमोर चांगलं दिसणं हेच तर त्याचं सगळं आहे. भाऊबीजेला संचिता असेल घरी. त्या दिवशी भाऊ दारात उभा राहिला तर तो नाही म्हणू शकणार नाही. बाकी कशाची गरज नाही. फक्त येऊन उभं राहायचं.

कलावती

१६ ऑक्टोबर

विहीणबाई,

काल हितेशचा फोन आला. दुकानाच्या मागे उभा राहून बोलत होता बिचारा, मागून गाड्यांचे आवाज. "काकी, पत्रं भेटली. तिन्ही आईला वाचून दाखवली. आई रडते, पण पप्पा नाय ऐकत. मी तिकडे आलो तर मलापण घराबाहेर काढतील, दुकान त्यांच्याच नावावर आहे." पोरगा वाईट नाही. पण मी त्याला म्हटलं, बाबा रे, तुझं दुकान जाईल, तुझी बहीण जातेय ते दिसत नाही का तुला? त्यावर त्याने फोन ठेवला.

आता जास्त वेळ नाही. विनीतची कंपनी त्याला हैदराबादला पाठवतेय. दिवाळी झाली की दोघं जाणार, तिकिटं काढली. मी इथेच. "आई, तुला तिकडे करमणार नाही." तिथे तिला ओळखणारं एक माणूस नसेल. इथे निदान मी आहे मध्ये पडायला, मी कसलीही असले तरी. तिथे तिचं ताट कुणी उघडणार नाही.

पोलिसांत जाऊ म्हणाले मी तिला. माझ्या मुलाविरुद्ध मी येते साक्षीला, म्हटलं. तर म्हणाली, "काय सांगू आई त्यांना? मारत नाहीत. शिव्या देत नाहीत. नवरा हसायला सांगतो म्हणून तक्रार करू? तेच हसतील." तुम्हाला काही उत्तर सुचतंय का?

काल आणखी एक झालं. हितेशचा फोन बहुतेक त्याने माझ्या मोबाईलमध्ये पाहिला. संध्याकाळी मला म्हणाला, "आई, आज तू बस." हसत हसत, लाडात. मी बसले. त्याने कॅमेरा माझ्याकडे वळवला आणि विचारलं, "जागृतीच्या घरच्यांशी बोलतेस का तू?" जागृती दारात उभी होती, चौकटीला टेकून, पांढरीफटक. माझ्या छातीत असं धडधडत होतं की वाटलं, ह्या यंत्राला ऐकू जाईल. मी एसटीच्या खिडकीतला चेहरा केला. आणि म्हटलं, "मी कशाला बोलू? त्यांच्या पोराचा चुकून लागला असेल." पडद्यावर दहीभात. शांत, चौऱ्याण्णव.

विनीत खूश झाला. जागृतीला म्हणाला, "बघ. आईकडून शीक. मनात काही नसलं की चेहरा असा असतो."

ठमाबाई, त्याला खरंच तसं वाटतं. तो खोटं बोलत नव्हता. एवढा शिकलेला मुलगा, आणि स्वतः लिहिलेल्या खेळण्यावर त्याचा इतका विश्वास आहे की समोर बसलेली आई त्याला दिसत नाही. काल रात्री मला त्याची कीव आली, आणि भीतीही वाटली. दोन्ही.

आणि जागृती शिकली. आज तिचे पहिल्याच फटक्यात शहाण्णव आले. डोळे, गाल, सगळं बरोबर. वडा नाचला. तो म्हणाला, "शाब्बास!" आणि तिला ताट वाढलं, माझ्यासमोर. मी तिच्याकडे बघत होते. ती जेवत होती आणि तसंच हसत होती, कारण त्याने कॅमेरा बंद केला नव्हता. ही मुलगी अशीच हैदराबादला गेली तर तिथल्या शेजाऱ्यांना, त्याच्या ऑफिसातल्यांना, कुणालाच कधी काही कळणार नाही. चेहऱ्यावर दिसणारच नाही काही. मुळा यायचा तेव्हा बरी होती हो. तेव्हा निदान दिसत तरी होतं.

भाऊबीजेला कुणाला तरी पाठवा. हितेश नाही तर कुणी काका, मामा, चुलतभाऊ. तुमच्या गावात भावकी काय कमी आहे? तुम्ही स्वतः आलात तरी चालेल. बाईमाणूस मुराळी म्हणून आलेलं मी ऐकलं नाही, पण आलात तर मी तुमचे पाय धुवीन.

कलावती

२० ऑक्टोबर

ठमाबाई,

कुरिअरने पाठवतेय, उद्या मिळावं.

तुमची वाट बघतेय. जागृतीला सांगितलेलं नाही की मी तुम्हाला बोलावलंय. सांगितलं आणि तुम्ही न आलात, तर तिचे शहाण्णव टिकणार नाहीत.

क.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
गावदेवीच्या देवळाची पायरी, तुमचं मानपाडा (शिळफाट्यापुढे)

विहीणबाई,

हे पत्र पोस्टाने आलेलं नाही. जागृतीच्या हातात आहे. तीच तुमच्या दारात उभी आहे. दोन मिनिटं थांबून आधी हे वाचून घ्या. डोळ्यांत पाणी आलं तर हितेशला वाचू द्या. गणूशेठनी ऐकलं तरी आता हरकत नाही.

सकाळपासून मी गॅलरीत उभी होते. गेटमधून येणाऱ्या प्रत्येक रिक्षाकडे बघत होते. दुसऱ्यांचे भाऊ उतरत होते. संचिता आली, तिने विनीतला ओवाळलं, त्याने तिला साडी दिली, आणि मग मजेत जागृतीला म्हणाला, "काय गं, तुझा मुराळी कुठे अडकला?" संचिता हसली. तिला काही माहीत नाही. मला वाटलं होतं त्या क्षणी मला रडू येईल. राग आला, आणि रागात मला सुचलं.

मी संचितासमोरच म्हटलं, "तो नाही आला तर मी नेते. भाऊबीजेला बहिणीने भावाला ओवाळायचं नाही म्हणजे काय? ओवाळून संध्याकाळी परत. मुराळी मी."

विनीत म्हणाला, "तू? सासू कधी मुराळी असते का?" मी म्हटलं, "लोकांसमोर बोलला होतास ना, मुराळी आला तर सोडतो म्हणून? की नुसतंच बोलायला?" संचिता म्हणाली, "जाऊ दे ना दादा, सणाचा दिवस." त्याने तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग हसला आणि लॅपटॉप ओढला. "बरं. दोघी बसा. आई, खरं सांग. संध्याकाळी हिला परत आणशील?"

मी सरळ त्या कॅमेऱ्यात बघितलं. गाडी फुल्ल आहे, हे जसं सांगायचे तसंच सांगितलं. "आणीन."

दहीभात. सत्त्याण्णव.

मग जागृती बसली. मी तिला काहीच सांगितलं नव्हतं, विहीणबाई, एक अक्षर नाही. तिला काय कळलं, कधी कळलं, देव जाणे. त्याने विचारलं, "येशील ना परत?" ती हसली आणि म्हणाली, "येईन ना. जेवायला इथेच येते." वडा असा नाचला की संचिताने टाळी वाजवली. अठ्ठ्याण्णव. विनीत इतका खूश झाला की स्वतः खाली आला आणि रिक्षात बसवून गेला. शब्दाला जागला.

ती अंगावरच्या साडीनिशी आलीय. बॅग घेता आली नाही, संध्याकाळी परतणारी बाई बॅग कशी घेईल? हातात फक्त ओवाळायचं ताट आहे. शिळफाट्याला तिने ते ताट बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "आई, तुम्ही खोटं बोललात ना?" मी म्हटलं, "हो." तर म्हणाली, "मी पण." आणि रिक्षात माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. रिक्षावाल्याने रेडिओ मोठा केला, भला माणूस.

मी वर तुमच्या दारापर्यंत येत नाही. गणूशेठचा राग माझ्यावर निघाला तर तुमचं दार बंद व्हायला निमित्त होईल. मी इथे देवळाच्या पायरीवर बसलेय. ती आत गेली की परत जाईन. विनीत विचारेल, कुठे आहे. कॅमेरा लावेल, लावू दे. ह्या वेळेला मी खरं सांगणार आहे, ती येणार नाही म्हणून, आणि त्याच्या तोंडावर सांगणार आहे. हैदराबादला एकटा जा म्हणणार आहे. माझा मुलगा आहे तो, आता त्याचं काय करायचं ते माझ्याकडे. तुमच्या मुलीचं काय करायचं ते तुमच्याकडे.

दार उघडाल तेव्हा ती हसेल. छान हसेल, अगदी लहानपणी हसायची तशी वाटेल तुम्हाला. "कशी आहेस?" विचारलंत तर "मजेत" म्हणेल आणि तुमचा विश्वास बसेल. गणूशेठचा तर नक्की बसेल. म्हणतील, बघ, मजेत तर आहे, जाऊ दे परत. म्हणून काही विचारू नका.

काल तिचे नव्वद भरले नाहीत, कालपासून ती उपाशी आहे. आत घ्या, जेवायला वाढा, आणि तोंड कसंही असलं तरी असू द्या.

कलावती